मुक्कामाची उंची

सहलीचं पत्रक हातात आलं की लोक आधी रक्कम बघतात, मग 'काय काय दाखवणार' हा रकाना. तिसरा रकाना मुक्कामाचा. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बघितलंच तर हॉटेलात लिफ्ट आहे का आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत, एवढंच. माझं निम्मं काम त्या तिसऱ्या रकान्यात असतं. लेहची सहल आखायला बसले की मी आधी रात्री मांडते. कोणती रात्र कुठे काढायची आणि ती जागा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, हे पेन्सिलीनं लिहून काढते. दिवस मागाहून भरता येतात.

मी नाशिकहून लहान गट घेऊन जाते. वीस-बावीस माणसं, बहुतेक साठीच्या आसपासची: निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी, एखादं भिशी मंडळ, एखादी सोसायटी. सुरुवात अष्टविनायकानं झाली, मग काशी, केरळ, सिमला-मनाली. तोपर्यंत वेळापत्रक म्हणजे रेल्वेच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. लेहनं त्यात फुप्फुसं आणली.

उंचीचा आकडा नुसता सांगून कुणाला काही वाटत नाही. "साडेतीन हजार मीटर" म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि स्वेटर किती घ्यायचे ते विचारतात. म्हणून मी कळसूबाई सांगते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी लेहचा बाजार तिच्या वरच राहतो. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं पासष्ट टक्क्यांच्या आसपास असतो. खारदुंग-ला या खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दिवसा तासाभरासाठी वर जाऊन खाली आलं तर शरीर बहुधा निभावून नेतं. रात्री झोपेत श्वास आपोआपच मंदावतो आणि तिथं खरी परीक्षा असते. गिर्यारोहकांचा जुना नियम आहे: चढा उंच, झोपा खाली. पर्यटनाच्या धंद्यात तो पाळायचा तर पत्रकातली आकर्षक नावं एकेक करून खोडावी लागतात.

सगळ्यात अवघड असतं ते पहिले दोन दिवस रिकामे ठेवणं. म्हणजे ठेवणं सोपं, विकणं अवघड. विमानानं जाणाऱ्या गटाला मी लिहून देते: दिवस पहिला, लेहला आगमन, विश्रांती. दिवस दुसरा, विश्रांती, संध्याकाळी बाजारात फेरफटका. यावर फोन येतोच. "अहो ताई, दोन दिवस हॉटेलात लोळायला लेहला कशाला जायचं? लोळायला आमचं घर आहे की." हे बोलणारे काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले असतात आणि त्यांनी रक्कम भागिले दिवस असा हिशेब मांडलेला असतो. दुसऱ्या कुणाचं तरी पत्रकही त्यांच्यासमोर असतं. त्यात पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर शांतिस्तूप, लेहचा राजवाडा आणि 'सूर्यास्ताचा आनंद' असतो. दुसऱ्या दिवशी थेट खारदुंग-ला. तेवढेच पैसे आणि चार ठिकाणं जास्त.

अशा वेळी मी लष्कराची गोष्ट सांगते. निवृत्त माणसांवर लष्कराचा प्रभाव माझ्यापेक्षा जास्त पडतो. १९६२च्या युद्धाच्या वेळी आणि नंतर मैदानातले जवान झटपट उंचावर न्यावे लागले, आणि गोळी न लागताही धडधाकट तरुण आजारी पडू लागले. कुणाच्या फुप्फुसात पाणी भरायचं, कुणाच्या मेंदूला सूज यायची. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास केला. तो १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला आणि आजही जगभर त्याचा दाखला देतात. आता आपल्या लष्कराचा नियम असा आहे: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती आणि सपाटीवर थोडं चालणं, पुढचे दोन दिवस हळू चालणं, शेवटचे दोन चढाचा सराव. त्याच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, त्याहून वर तर आणखी चार. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. पंचविशीतल्या, रोज पळणाऱ्या जवानाला लष्कर सहा दिवस देतं. "काका, मी तुम्हाला फक्त दोन मागतेय." इथं बहुतेक फोन शांत होतात. काही होत नाहीत. ते दुसरीकडे बुकिंग करतात आणि बहुधा सुखरूप परतही येतात, हेही मला ठाऊक आहे. बहुतेकांना काही होत नाही, म्हणून तर सगळ्यांना काही होणार नाही असं वाटतं.

विमानापेक्षा मला श्रीनगरचा रस्ता आवडतो. श्रीनगर ते लेह साधारण सव्वाचारशे किलोमीटर. मुक्काम नीट लावले तर तो जिन्यासारखा चढत जातो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, कारगिल २,७००च्या थोडं खाली, आल्ची ३,१००, आणि मग लेह ३,५००. मधे झोजि-ला आहे, नमिका-ला आहे, ४,१०८ मीटरची फोतू-ला आहे, पण त्या दिवसाच्या खिंडी. झोपायला आपण खालीच येतो. वाटेत द्रासचं युद्धस्मारक लागतं. तिथं आमच्या मंडळींना गाडीत परत बसवणं कठीण होतं आणि मी घाईही करत नाही. लामायुरूच्या अलीकडे-पलीकडे डोंगर पिवळे आणि सुरकुतलेले होतात, आणि तोवर सतत बोलणारी गाडी गप्प होते.

आल्चीचा मुक्काम मी आग्रहानं घालते. सिंधूकाठचं हे गाव बहुतेक गट लेहहून येऊन तासाभरात 'करून' टाकतात, किंवा गाळतातच. तिथला विहार हजारएक वर्षांपूर्वीच्या परंपरेतला आहे. बाकीचे गोंपा, म्हणजे मठ, डोंगराच्या शेंड्यावर, हा सपाटीवर, झाडांत. गुडघे दुखणाऱ्यांना आयुष्यभर आठवेल असा. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, आणि डोळे सरावले की तीन मजली सुमत्सेकमधल्या प्रचंड बोधिसत्त्वांच्या धोतरांवर रंगवलेली बारीक चित्रं दिसू लागतात. राजवाडे, देवळं, घोडेस्वार. अजिंठा पाहिलेली माणसं इथं थबकतात. फोटो काढता येत नाही म्हणून माणसं बघत बसतात, हा माझा आपला अंदाज.

पण रस्त्यानं जायचं तर दिवस वाढतात, आणि मुलांनी अमेरिकेहून तिकिटं काढून दिलेली असतात, विमानाचीच. मनालीकडून वर जायला मी साफ नकार देते. अटल बोगदा २०२०मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा त्रास संपला, रस्ता देखणा आहे, सगळं खरं. पण त्या वाटेवर बरेच गट सरचूला झोपतात, आणि सरचू लेहपेक्षा कितीतरी वर आहे. एका रात्रीत दोन हजारांवरून सव्वाचार हजारांवर. परतीला त्या रस्त्यानं या, तेव्हा शरीर तयार असतं.

विमानाच्या गटाची खरी अडचण लेहला नसते, दिल्लीला असते. लेहची विमानं सकाळीच असतात. दुपारनंतर दरीत वारे सुटतात, आणि मुळातली विरळ हवा तापून आणखी विरळ होते. म्हणजे दिल्लीहून पहाटेचं विमान, म्हणजे रात्री दोनला उठणं. इथं हमखास सूचना येते: "रात्र विमानतळावरच काढू की, हॉटेलचे पैसे वाचतील." नाशिकहून दिवसभर प्रवास करून, रात्रभर खुर्चीत डुलक्या काढून, सकाळी सहाच्या विमानात न जेवता बसलेलं माणूस साडेतीन हजार मीटरवर उतरतं. त्याचं डोकं दुखलं तर ते उंचीमुळे की जागरणामुळे, हे कुणी ठरवायचं? दिल्लीचा मुक्काम मी खर्चात धरूनच रक्कम सांगते, वेगळा दाखवतच नाही. वेगळा दाखवला की तो कापायचा ठराव होतो.

लेहला विमान उतरतं तेव्हा सगळे जाम खूश असतात. आकाश कोबाल्टसारखं निळं, उघडे डोंगर, त्यावर बर्फाची रेघ. त्रास लगेच होत नाही, हाच घोटाळा. पहिले काही तास आपल्याला काहीच झालेलं नाही या आनंदात जातात. डोकं धरतं ते संध्याकाळी किंवा रात्री. एका गटात नाशिकचाच एक तरुण होता, हरिहर-साल्हेर पालथे घालणारा, दर रविवारी गडावर. मी खोलीत पडून राहा म्हणाले ते त्याला आपल्या तब्येतीचा अपमान वाटलं. दुपारी सगळे झोपले असताना तो शांतिस्तूपाच्या शेकडो पायऱ्या धावत चढून आला आणि रात्री उलट्यांनी बेजार झाला. सोनम नोर्बू रुग्णालयात त्याला प्राणवायू लावला, दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. त्याच्याच गटातल्या सत्तरीच्या काकू, मधुमेहाच्या, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थांबणाऱ्या, त्यांना संपूर्ण सहलीत काही झालं नाही. शरीर कमावलेलं असलं म्हणजे उंची लागत नाही, हा समज काही केल्या जात नाही. उलट कमावलेलं शरीर घाई करतं.

औषधाचं म्हणाल तर डायमॉक्सचं नाव आता सगळ्यांना माहीत असतं आणि ती गोळी घेतली की झालं असंही वाटतं. मी तोंड बंद ठेवते. आपापल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्की सांगा, एवढंच. मी जी चिठ्ठी भरून घेते तिच्यात आजारांचा रकाना आहे. तो वाचण्यासारखा असतो. "साखर थोडी आहे." "बीपी आहे पण गोळीनं नाही." "ॲन्जिओप्लास्टी झाली पण आता काही नाही." या शेवटच्या वाक्याच्या माणसाला मी स्वतः फोन करते.

दोन रिकाम्या दिवसांत हॉटेलात काय चालतं ते सांगते. पहिल्या दिवशी ऑक्सिमीटर फिरतो. बोटाला लावायचं ते यंत्र कोविडपासून घरोघरी आहे, आणि कुणीतरी आणलेलंच असतं. मग आकड्यांची स्पर्धा लागते. नाशिकला अठ्ठ्याण्णव दाखवणारं यंत्र इथं अठ्ठ्याऐंशी दाखवतं आणि घबराट होते. नव्यानं आलेल्या निरोगी माणसाचा आकडा इथं नव्वदच्या खाली-वर असतो हे मी सांगते; हात गार असतील तर यंत्र कमीच दाखवतं हेही सांगते. बायका बोटं चोळून पुन्हा लावतात आणि नवऱ्यापेक्षा दोनानं जास्त आला की खूश होतात. मी मात्र आकड्यापेक्षा ताट बघते. "बरं आहे ना?" विचारलं तर सगळेच हो म्हणतात, कारण नाही म्हटलं तर उद्या मागे ठेवतील ही भीती. पण डोकं धरलेल्या, मळमळणाऱ्या माणसाला अन्न जात नाही. ज्या काकांनी कधी दुसरा चहा नाकारला नाही त्यांनी पहिलाच अर्धा ठेवला, की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. संध्याकाळी दोन-तीन पुरुष मंडळी 'थंडीवर औषध' म्हणून बाटली काढायच्या बेतात असतात. त्यांच्याशी भांडण हा कार्यक्रमाचाच भाग.

फोनचंही तेव्हाच कळतं. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच चालतात. मी हे पत्रकात ठळक छापते, तरी निम्मे फोन मुके होतात. त्यातून दोन दिवसांत एक चांगली गोष्ट होते, माणसं अंगणात येऊन बसतात.

आम्ही उतरतो ते घरगुती हॉटेल आहे. मागे जर्दाळूची झाडं, पॉप्लर, भाजीचे वाफे. मालकीणबाईंना सगळे 'आचे-ले' म्हणतात, म्हणजे ताई. एकदा आमच्यात निफाडच्या एक शेतकरी बाई होत्या. लेकानं आग्रहानं पाठवलेलं, नाहीतर द्राक्षबाग सोडून त्या निघाल्या नसत्या. विश्रांतीच्या पहिल्या दिवशी त्यांना चैन पडेना. त्या वाफ्यांशी जाऊन उभ्या राहिल्या. आचे-ले वाफ्याच्या दाराशी वाकून दगड हलवत होत्या. शेजारच्या चरातलं पाणी वळून वाफ्यात यायला लागलं. बाईंनी मला हाक मारली. "विचार हिला, पाणी कुठलं?" वरच्या बर्फाचं, वितळून आलेलं. पाऊस? वर्षभरात जेमतेम दहा सेंटीमीटर. आपल्या इगतपुरीत आषाढात एका दिवसात पडू शकतो एवढा. "मग पाणी सगळ्यांना पुरतं कसं?" पाळ्या असतात. गावात एक माणूस नेमतात, छुरपोन, तो कुणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं ते ठरवतो. "म्हणजे आपला पाटकरी!" बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचा दीड तास मी दुभाषी. पाळी चुकवली तर दंड काय, रात्रीची पाळी कुणाला, भावाभावांत भांडणं होतात का. होतात म्हणे. आचे-ले म्हणाल्या की हॉटेलं वाढली तशा बोअरवेल वाढल्या, पूर्वी झरे होते ते आटले. निफाडच्या बाईंना यातलं काहीच नवीन नव्हतं. गुरगुर चहा, तो खारट लोण्याचा, त्यांनी एक घोट घेऊन बाजूला ठेवला, पण खंबीर नावाची जाड भाकरी लोण्याबरोबर दोन खाल्ल्या. ताट रिकामं, म्हणून मी निश्चिंत.

दुसऱ्या संध्याकाळी बाजार. मुख्य बाजारपेठेत पदपथाच्या कडेला लडाखी बायका भाजी घेऊन बसतात: मुळा, सलगम, पालक, गाजर, ऑगस्टमध्ये जर्दाळू. आमच्या बायका भाव करायला जातात. भाव होत नाही, हसणं होतं, आणि 'जुले' हा नमस्काराचा शब्द सगळ्यांना येतो. वर बघितलं की सेंगे नामग्यालचा नऊ मजली राजवाडा. तिथं चढायचं तिसऱ्या दिवशी.

जेवणाचा प्रश्न मराठी सहलीत सगळ्यात मोठा. इथं महाराज बरोबर नेऊ नका, असं मी इतर सहल काढणाऱ्यांनाही सांगते. साडेतीन हजार मीटरवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी दिसते, वाफ दिसते, पण तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजतच नाही. भात बाहेरून मऊ आणि आत कणी. कुकर लागतो आणि शिट्ट्या वाढवाव्या लागतात. नाशिकचा महाराज पहिले दोन दिवस डाळीला शिव्या देतो, तिसऱ्या दिवशी स्वतःच डोकं धरून बसतो. स्थानिक स्वयंपाक्यांना हे सगळं पाठ असतं. त्यांचा थुक्पा पोटाला हलका आणि गरम. चार दिवसांनी तक्रार येते तेव्हा मेतकूट-भात आणि लोणचं मी काढते. बाकरवडीची पाकिटं मात्र बॅगेतून काढताच सगळे हसतात. फुगून उशी झालेली असतात.

गाड्यांच्या बाबतीत फार डोकं चालवायला वाव नाही, आणि मला ते बरं वाटतं. बाहेरच्या पासिंगची टॅक्सी आणली तर ती लेहला सोडून परत जाते. फिरायला स्थानिक टॅक्सीच लागते, आणि युनियनचं दरपत्रक असतं. कोणत्या मार्गाला कोणत्या गाडीला किती, सगळं छापील. "जरा कमी करायला सांगा ना," हे वाक्य इथं वाया जातं. त्यापेक्षा अवघड वाटप गाडीतल्या जागांचं. पुढची जागा कुणाला, मागच्या रांगेत कोण, कोणाला कोणाशेजारी बसायचं नाही. युनियनशी बोलणं परवडलं.

मग खारदुंग-ला. तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड साडेसतरा हजारांच्या जरा वर भरते. पाटीबरोबर फोटो काढायची रांग लागते, धक्काबुक्की होते, आणि माझं लक्ष घड्याळाकडे असतं. पंधरा-वीस मिनिटं, बस. खिंड ओलांडली की नुब्राचं खोरं. हुंदर-दिस्किट तीन हजार शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खालीच. त्या रात्री सगळ्यांना गाढ झोप लागते. वाळूच्या टेकड्या, दोन मदारींचे उंट, दिस्किटची बत्तीस मीटरची मैत्रेय मूर्ती. इथं मी दोन रात्री देते, म्हणजे मधल्या दिवशी तुर्तुक होतं. १९७१च्या युद्धापर्यंत हे बाल्टी गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. एका रात्रीत देश बदलला आणि नात्यातली माणसं पलीकडे राहिली. ही गोष्ट तिथले म्हातारे स्वतः सांगतात. ती ऐकायला वेळ लागतो.

पँगाँगवर माझं आणि गिऱ्हाइकांचं कधीच एकमत होत नाही. 'थ्री इडियट्स' २००९मध्ये आला आणि त्यानंतर पँगाँगशिवाय लडाख म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर झालं. तळं सुंदर आहेच, दर तासाला निळ्याची छटा बदलते. पण ते सव्वाचार हजार मीटरवर आहे आणि लोकांना तिथं तंबूत रात्र काढायची असते, तारे बघायला. अडचण नुसती उंचीची नाही. तिथं रात्री कुणाला बिघडलं तर लेहकडे न्यायला चांग-ला ओलांडावी लागते, साडेसतरा हजार फुटांवरची. म्हणजे ज्याला तातडीनं खाली न्यायचं त्याला आधी हजारभर मीटर वर न्यायचं. नकाशा सपाट असतो, म्हणून हे नकाशात दिसत नाही.

यावर तोडगा एकच आहे आणि तो आखणीतच करावा लागतो. पँगाँगची रात्र नुब्राच्या नंतर ठेवायची, तोवर अंगाला उंची सरावलेली असते; आणि नुब्राहून श्योक नदीच्या काठानं जायचं. ती वाट मोठी खिंड न चढता टांगत्सेला पोहोचवते. टांगत्से तळ्यापेक्षा खाली आहे आणि तिथं आरोग्य केंद्र आहे. म्हणजे वेळ आली तर चांग-ला न चढता मागे खाली यायला वाट राहते. फक्त त्या रस्त्याला दुपारनंतर जाता येत नाही. ऊन तापलं की बर्फ वितळून ओढे रस्त्यावरून वाहू लागतात. म्हणून हुंदरहून पहाटे निघायचं. पहाटे निघायला मंडळी कुरकुर करतात, तेव्हा मी कारण सांगत नाही, नाश्त्याला बटाट्याचे पराठे आहेत एवढं सांगते.

शेवटी लेहला परतल्यावर मी आणखी एक रिकामा दिवस ठेवते. वारा, ढग, धूळ, काहीही झालं तरी विमान रद्द होतं आणि दुसरं उद्या सकाळीच. हा दिवस सगळ्यात जास्त वादाचा. विमान वेळेवर सुटलं तर तो 'फुकट गेला'. त्या दिवशी ठिकसे आणि हेमिसचे गोंपा दाखवते, तेवढ्यानं भागतं. २०१०च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीतल्या ढगफुटीनं लेहमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या कोरड्या डोंगरात असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. हे मात्र मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

आता सगळ्यांना हानले हवं आहे. २०२२पासून तिथं गडद आकाशाचं राखीव क्षेत्र झालं, वेधशाळेच्या आवारातून आकाशगंगा काय दिसते त्याचे व्हिडिओ फिरतात. त्याच्या पुढे उमलिंग-ला, एकोणीस हजार फुटांवरचा रस्ता. परवा चुलतभावंडांच्या एका गटाचा फोन आला. नऊ रात्री, विमानानं जाऊन विमानानं परत, आणि त्यात तुर्तुक, पँगाँग, हानले, उमलिंग-ला. वय पंचेचाळीस ते अडुसष्ट. मी त्यांना मुक्कामांची यादी पाठवली, प्रत्येकापुढे मीटर लिहून, आणि कुठल्या रात्री एकदम किती चढतो तेही लिहून. हानले हवं तर तेरा रात्री लागतील. नऊच असतील तर नुब्रा, तुर्तुक आणि आल्ची, पँगाँगला दिवसा जाऊन परत. उमलिंग-ला दोन्हींत नाही.

तासाभरानं सगळ्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, पाहिलं सगळ्यांनी. मोठी वहिनी म्हणतेय ती आल्ची काय भानगड आहे ते आधी सांगा. आणि ते विश्रांतीचे दोन दिवस... त्यांचे पैसे कमी होतील ना?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचेच तर घेते."

"बरं. कळवतो."